रंगविलेलें कातडें

राक्षसीनें सुंदर स्त्रीचें रूप घ्यावें, मनुष्यास भुलवावें, आणि भुलवितां भुलवितां आपणच भुलून जावें, ही कल्पना आमच्या वाचकांस नवीन नाहीं. हिडिंब राक्षसाची बहीण भावाच्या आज्ञेवरून पांडवांस मारावयास आली, आणि निजलेल्या भावंडांची राखण करीत बसलेल्या भीमास पाहतांच रूप पालटून त्याच्यापुढें उभी राहिली, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. कोंकणांतल्या हडळीचे पाय उलटे असतात हेंही आपणांस ठाऊक असतें, आणि रात्रीं आडवाटेस एकटी सुंदर बाई भेटली तर प्रथम तिच्या पायांकडे पाहावें हा उपदेशही आपण ऐकून ठेविलेला असतो. इतकें असूनही चीन देशांतील कोल्हीण आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या परिचयाची असेल. शेजारच्या घरांतील मंडळींची ओळख विलायतेंतल्या गृहस्थानें करून द्यावी, ही आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांची जुनीच रीत. आम्हांसही ही कोल्हीण प्रथम भेटली ती हर्बर्ट जाइल्स या इंग्रज पंडिताच्या १८८० सालच्या भाषांतरांत. आपल्या काळच्या सभ्य वाचकांस रुचणार नाहींत असे भाग त्या सद्गृहस्थानें गाळून टाकिले होते. म्हणजे कोल्हिणीस घरांत घेण्यापूर्वीं त्यांनीं तिला सोवळें नेसविलें होतें. असो.

जुन्या चिनी ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, कोल्हा पन्नास वर्षें जगला म्हणजे त्यास स्त्रीचें रूप घेतां येतें. शंभर वर्षें जगला म्हणजे तो लावण्यवती तरुणी होऊं शकतो. आणि सहस्र वर्षें भरलीं म्हणजे त्याचें थेट स्वर्गाशीं संधान जुळतें. मनुष्यप्राण्याचा क्रम याच्या नेमका उलट आहे. आम्हांस पन्नाशी ओलांडून कांहीं वर्षें झालीं. आरशांत जो पालट दिसतो तो लावण्याच्या दिशेनें चालला आहे, असें आमच्या घरांतील कोणीही म्हणणार नाहीं. परंतु विनोद बाजूस ठेविला तर या कथांत एक गोष्ट आरंभापासून दिसून येते. त्या रचणारांस कोल्हिणीपेक्षां तिच्यावर भाळणाऱ्या पुरुषाची परीक्षा पाहण्याची हौस अधिक होती. आठव्या शतकांत शन चीची या इतिहासकारानें रन नांवाच्या कोल्हिणीची कथा लिहिली आहे. ही रन आपल्या दरिद्री प्रियकराशीं एकनिष्ठ राहते. त्याच्या श्रीमंत आप्तानें बळजबरी करूं पाहिली, तरी त्यास वश होत नाहीं. पुढें प्रियकर नोकरीनिमित्त परगांवीं निघतो व तिनें बरोबर यावें असा आग्रह धरतो. त्या वर्षीं त्या दिशेस जाणें तिला अशुभ असतें. ती तसें सांगते, तो हंसतो, आणि ती निमूटपणें घोड्यावर बसते. वाटेंत शिकारी कुत्रे झुडपांतून उसळी घेतात. ती घोड्यावरून खालीं कोसळते, मूळ रूपांत पळत सुटते, आणि मारली जाते. मागें खोगिरावर तिचीं वस्त्रें आणि रिकिबींत तिचे जोडे तसेच लोंबत राहतात, जणूं एखाद्या किड्यानें टाकिलेली कात. कथा संपविल्यावर लेखक हळहळतो तें मुख्यतः त्या प्रियकराविषयीं. तो तिच्या रूपावर संतुष्ट राहिला. तिचा स्वभाव कसा आहे हें जाणून घेण्याची त्यानें कधींच तसदी घेतली नाहीं, ही त्याची तक्रार आहे. बाराशें वर्षांपूर्वींची ही तक्रार आम्हांस फार महत्त्वाची वाटते, आणि पुढें ज्या चित्रपटाविषयीं लिहावयाचें आहे त्याच्याशीं तिचा निकट संबंध आहे.

तत्पूर्वीं पू सोंगलिंग याजविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. हा गृहस्थ १६४० सालीं शानदोंग प्रांतांत जन्मला आणि १७१५ सालीं वारला. ऐन तारुण्यांत पहिली परीक्षा त्यानें उत्तम रीतीनें उतरली; परंतु त्यापुढील प्रांतिक परीक्षेनें त्याचा जन्मभर पिच्छा पुरविला. तो वारंवार बसला, वारंवार नापास झाला, आणि सत्तरी उलटल्यावर सरकारानें त्यास एक मानाची पदवी देऊन त्याची समजूत घातली. मधला सर्व काळ त्यानें एका संपन्न कुटुंबांत मुलांस शिकविण्याची नोकरी करून काढिला, आणि फावल्या वेळांत सुमारें पांचशें अद्भुत कथा लिहिल्या. त्यांचा संग्रह 'ल्याओजाय' या नांवानें ओळखिला जातो; तो छापला गेला १७६६ सालीं, म्हणजे कर्त्यास जाऊन पन्नास वर्षें होऊन गेल्यावर. त्यास नापास करणाऱ्या परीक्षकांचीं नांवें आज कोणाच्याही ओठांवर नाहींत. आम्ही स्वतः तीस वर्षें उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहों. त्यामुळें हें वाक्य लिहितांना आमचा हात किंचित् अडखळला, हें वाचकांपासून कशाला लपवा?

पूच्या कथांतून एकाकी, दरिद्री, परीक्षेच्या अभ्यासानें गांजलेला विद्यार्थी पडक्या देवळांत किंवा ओसाड वाड्यांत दिवा लावून बसलेला असतो. मध्यरात्रीं दार लोटून एक सुंदर तरुणी आंत येते. ती कोल्हीण तरी असते किंवा भूत तरी असते. नापास झालेल्या मास्तरांस अशीं स्वप्नें पडावीं यांत नवल कांहीं नाहीं. नवल हें कीं, त्या तरुणी बहुतेक वेळां त्या विद्यार्थ्यापेक्षां शहाण्या व मनानें मोठ्या निघतात. एका कथेंत एकाच पुरुषावर एक कोल्हीण आणि एक भूत अशा दोघी प्रेम करितात, आणि आरंभींचा सवतीमत्सर ओसरल्यावर दोघी मिळून त्याचा प्राण वांचवितात. दुसऱ्या एका कथेंतली यिंगनिंग ही कोल्हिणीची मुलगी सारखी हंसत असते. तिच्याविषयीं शेवटीं लिहूं.

'रंगविलेलें कातडें' ही कथा मात्र या सर्वांहून निराळी आहे. तायुआन शहरचा वांग नांवाचा एक सुशिक्षित गृहस्थ पहाटे रस्त्यानें जात असतां त्यास बोचकें घेऊन एकटीच चाललेली एक मुलगी भेटते. तो तिला घरीं आणून आपल्या अभ्यासिकेंत लपवून ठेवितो. बायकोस कळतें, ती, हिला परत पाठवा, म्हणून सांगते, तो ऐकत नाहीं. बाजारांत एक ताओपंथी साधु त्यास, तुझ्यावर पिशाच्चाची छाया पडली आहे, असें बजावतो. त्याचेंही तो ऐकत नाहीं. परंतु घरीं येतो तों अभ्यासिकेचें दार आंतून लावलेलें आढळतें. तो खिडकीशीं जाऊन हळूच आंत पाहतो. आंत हिरवट चेहऱ्याचा, करवतीसारख्या दातांचा एक राक्षस मनुष्याचें कातडें बिछान्यावर पसरून रंगाच्या कुंचल्यानें तें रंगवीत बसलेला असतो. रंगकाम आटोपल्यावर तो कुंचला टाकून देतो, तें कातडें अंगरख्यासारखें झटकतो, आणि अंगावर चढवितो. लागलीच तीच मुलगी उभी! पुढें साधूचा मंत्रविधि फुकट जाऊन राक्षसीण वांगची छाती फाडून त्याचें काळीज घेऊन जाते. दुसऱ्या दिवशीं साधु लांकडी तरवारीनें तिचा वध करितो; तिचें कातडें, डोळे, हात, पाय यांसह, चित्राच्या गुंडाळीप्रमाणें गुंडाळून नेतो.

बहुतेक लोक ही कथा येथपर्यंतच सांगतात. परंतु पूच्या मतें खरी कथा यापुढेंच आहे. वांगची बायको, चेन तिचें आडनांव, नवऱ्याचें प्रेत पाहून साधूच्या पायां पडते. साधु तिला बाजारांत उकिरड्यावर लोळणाऱ्या एका वेड्या भिकाऱ्याकडे पाठवितो. भिकारी तिची चेष्टा करितो; जगांत नवरे काय थोडे आहेत, असें विचारतो; काठीनें मारतो; भोंवतीं बघ्यांची भिंत उभी राहते; शेवटीं तो तळहातावर थुंकतो आणि तें गिळावयास सांगतो. ती गिळते. घरीं येऊन ती प्रेताची आंवराआंवर करीत रडत असतां तिच्या घशाशीं अडकलेला गोळा उसळून बाहेर पडतो, आणि नवऱ्याच्या फाटलेल्या छातींत जाऊन बसतो. तें धडधडणारें, वाफाळणारें काळीज असतें. ती रेशमी वस्त्रानें जखम घट्ट आवळून बांधते. पहाटेस नवरा जिवंत होतो. कथेअंतीं पू आपला अभिप्राय देतो, त्याचा मतलब असा कीं, नवरा परस्त्रीवर भाळला, म्हणून बायकोस परक्याची थुंकी गिळावी लागली. वांगची अब्रू वांचविण्याचा यांत लवमात्र प्रयत्न नाहीं. राक्षसिणीनें कातडें रंगविलें खरें. परंतु भर बाजारांत जिची अब्रू सोलून निघाली ती चेन.

चित्रपटवाल्यांचें लक्ष या संग्रहाकडे फार पूर्वींपासून आहे. हाँगकाँगमध्यें १९८७ सालीं निघालेला 'ए चायनीज घोस्ट स्टोरी' यांतीलच एका भुताच्या कथेवर बेतलेला आहे. किंग हू या थोर दिग्दर्शकानें १९९३ सालीं 'रंगविलेलें कातडें' पडद्यावर आणिलें. तो त्याचा अखेरचा चित्रपट ठरला. २००८ सालीं गॉर्डन चॅन यानें त्याच कथेवर पुन्हा चित्रपट काढिला आणि एक मोठा फेरफार केला. त्यानें राक्षसिणीची कोल्हीण केली, आणि तिला खरेंखुरें प्रेम करावयास लाविलें. फेरफार लहान दिसतो, पण त्यानें सर्व कथेचें तोंड फिरलें. पूच्या वाचकास खिडकींतून पाहतांना भीति वाटते; या चित्रपटाच्या प्रेक्षकास कातडें रंगवीत बसलेल्या त्या जीवाची दया येते. एवढें रंगवावें लागतें तिला! रोज!

ह्या दयेचा पुरता विस्तार २०१२ सालच्या दुसऱ्या चित्रपटांत झाला आहे, आणि आमचा आजचा विषय तोच. दिग्दर्शक वू-अर-शान. पहिल्या चित्रपटांतील कोल्हीण झोऊ शुन, गृहिणी झाओ वेई, व नायक चेन कुन हीं तिन्ही पात्रें करणारीं मंडळी यांतही आहेत. पण कथा नवी आहे. मूळ कथेंतली गृहिणी जाऊन तिच्या जागीं राजकन्या आली आहे. सहस्र वर्षांची कोल्हीण श्यावेई हिनें एका मनुष्याचे प्राण वांचविण्यासाठीं पिशाच्चयोनीचा नियम मोडला, म्हणून ती पांचशें वर्षें बर्फांत कोंडून पडली आहे. एका पक्षिणीच्या साहाय्यानें ती सुटते. सुटली तरी रूप टिकविण्यासाठीं तिला माणसांचीं काळजें खावीं लागतात. कोणीं आपखुषीनें आपलें काळीज दिलें तर मात्र ती मनुष्य होईल. तिची राजकन्या चिंग हिच्याशीं गांठ पडते. आठ वर्षांपूर्वीं अस्वलाच्या हल्ल्यांत राजकन्येच्या चेहऱ्याची एक बाजू विद्रूप झाली, ती ती सोन्याच्या मुखवट्याखालीं झांकते. त्या वेळीं तिचें रक्षण करण्यास चुकलेला शिपाई ह्वो शिन शिक्षा म्हणून दूर सीमेवरच्या शहरीं पडला आहे. राजकन्येचें त्याच्यावर प्रेम आहे. ती त्यास शोधीत येते. आणि त्याची नजर कोल्हिणीकडे वळलेली पाहते. तेव्हां त्या दोघींत सौदा ठरतो. राजकन्येनें काळीज द्यावें, कोल्हिणीनें कातडें द्यावें. जिच्यापाशीं धडधडणारें काळीज आहे तिला निर्दोष कातडें हवें. जिच्यापाशीं निर्दोष कातडें आहे तिला देहाची ऊब, फुलांचा वास, आकाशाचा रंग, डोळ्यांत येणारें पाणी हवें. ज्या कातड्यांतून राजकन्या पळूं पाहते, त्याच कातड्यांत शिरावयास कोल्हीण आतुर झालेली आहे.

चीनमध्यें या चित्रपटानें सत्तर कोटी युआनांहून अधिक उत्पन्न मिळविलें. तोंवर कोणत्याही चिनी चित्रपटास इतकें मिळालें नव्हतें, जरी हा विक्रम दुसऱ्या एका चित्रपटानें पुढें लवकरच मोडला. त्यांतल्या लढाया, जादूटोणे, दुष्ट राज्याचा दुष्ट मांत्रिक, यांविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. तीं प्रकरणें लांबलचक आहेत, आणि तीं चालूं असतां चहा करून घेण्यास हरकत नाहीं.

आम्हीं हा चित्रपट घरच्याच पडद्यावर पाहिला, तो आमच्या कन्येच्या आग्रहानें. बरोबर आमची वडील बहीण होती. तिला आम्ही आक्का म्हणतों. आक्काविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढील मजकूर वाचकांस नीट कळावयाचा नाहीं.

आक्का आमच्याहून नऊ वर्षांनीं मोठी. सहा वर्षांची असतां तिला देवी आल्या. त्या काळीं देवी येणें म्हणजे काय, हें आमच्या कन्येच्या पिढीस समजावून सांगावें लागतें. १९७५ सालीं या देशांतली देवीची सांथ संपली, आणि १९७७ सालीं देश देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. आतां देवीचे वण तरुण चेहऱ्यावर पाहावयासही मिळत नाहींत. आक्का वांचली, आणि तिचे डोळे वांचले. देवी पुष्कळांचे डोळे घेऊन जात, म्हणून घरांतील सर्वजण, डोळे राहिले हेंच दैव, असें म्हणत. बाकीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत वणांनीं भरून गेला.

ती वीस वर्षांची झाली तेव्हां मुलगी दाखविण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पोह्यांच्या बशा पाहुण्यांपुढें नेऊन ठेवण्याचें काम आमच्याकडे होतें, त्यामुळें ते सर्व प्रसंग आम्हांस स्पष्ट आठवतात. पाहुणे नेहमीं दिवेलागणीनंतर बोलाविले जात. बाहेरच्या खोलींतला मोठा दिवा बिघडला आहे असें सांगून कोपऱ्यांतला लहान दिवा लावीत. आंत आमची काकू आक्कास खुर्चीवर बसवून तिच्या चेहऱ्यावर आधीं स्नो व मग पावडर यांचा थरावर थर चढवी, पदरानें पुशी, पुन्हा चढवी, आणि दोन पावलें मागें सरून, मान तिरपी करून, चित्रकारासारखी पाहात राही. पूच्या कथेंतली ती खिडकी आम्हीं पुढें इंग्रजी पुस्तकांत वाचली, तेव्हां आम्हांस राक्षस दिसला नाहीं; काकू दिसली. फार मायाळू बाई होती ती.

पाहुणे जात, आणि आठवड्याभरांत पत्र येई. पत्रिका जुळत नाहीं! असें सात वेळां झालें. ज्या घराण्यांत एरवीं पंचांगही नसे, त्यांसही ज्योतिषाचा असा कळवळा येई. आमच्या वडिलांनीं तीं सातही पत्रें एका फाइलींत लावून ठेविलीं होतीं. आठव्या वेळीं काकूनें पावडरीचा डबा उघडला, तेव्हां आक्का उठून मोरीवर गेली, तोंड धुऊन आली, आणि मोठा दिवा लावून पाहुण्यांसमोर बसली. नवरा मुलगा एका कचेरींत कारकून होता. त्यानें तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलें, दोन चार प्रश्न विचारले, आणि उठतांना तिच्याकडेच पाहून हळू आवाजांत म्हणाला, "मला हें जमेलसें वाटत नाहीं. माफ करा." घरांत एकच गहजब झाला. वडील संतापले, काकू रडूं लागली. आक्का मात्र शांतपणें म्हणाली, "आठांत हाच एक सभ्य निघाला. त्यानें निदान पाहिलें." त्यानंतर तिनें तो कार्यक्रम पुन्हा होऊं दिला नाहीं. ती गणिताची पदवी घेऊन मुलींच्या हायस्कुलांत शिक्षिका झाली व मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. नव्या वर्गावर गेलें म्हणजे मुली पहिला दिवस टक लावून पाहतात, दुसऱ्या दिवशीं चोरून पाहतात, आणि तिसऱ्या दिवसापासून फळ्याकडे पाहूं लागतात, असा तिचा अनुभव आहे.

तर अशी ही आक्का आमच्या शेजारीं बसून चित्रपट पाहात होती. सोन्याचा मुखवटा घातलेली राजकन्या पडद्यावर येतांच आमच्या कन्येनें आत्याकडे एकवार पाहून घेतलें, व आमच्या सौभाग्यवतीनें आंतून कांहीं आणण्याचें निमित्त काढिलें. आक्का बराच वेळ त्या मुखवट्याकडे पाहात राहिली, आणि म्हणाली, "उन्हांत काय तापत असेल गं तो! आंत घाम येत असेल, खाज सुटत असेल. हिला कोणी सुती कापड कां देत नाहीं?" सर्वजण हंसलों. पण वाचकहो, या उद्गारांत आम्हांस उत्तम टीका दिसते. चित्रपटकारांनीं मुखवटा बाहेरून पाहिला आहे. तो फार देखणा आहे. त्याच्या सोन्याच्या नक्षीनें अर्धा चेहरा उलट अधिकच शोभतो. आंतल्या बाजूनें तो कसा लागतो हें मात्र त्यांस सुचलेलें नाहीं.

खरा वाद पुढें झाला. रूप बदललें, कातडीं बदललीं, आणि कोणाचें प्रेम कोणावर आहे याचा गुंता झाला, तेव्हां ह्वो शिन आपले डोळे स्वतःच्या हातानें फोडून घेतो. रूपावर आपण भाळलों नाहीं, हें सिद्ध करण्याचा त्यास दुसरा मार्ग दिसत नाहीं. संगीत उंच चढतें. आमच्या कन्येच्या डोळ्यांस पाणी आलें. आमच्याही मनावर परिणाम झाला हें सांगितलें पाहिजे. गांधारीनें डोळ्यांस पट्टी बांधली, तिची थोरवी ऐकत आपण वाढलेलों. डोळ्यांचा त्याग हा आपणांस प्रेमाचा कळस वाटतो.

आक्का म्हणाली, "हें काय झालें? डोळे फोडून घेतले, म्हणजे सुटलाच कीं तो."

कन्येनें त्याची बाजू घेतली. ती म्हणाली, "अगं आत्या, डोळ्यांनींच त्याला फसविलें होतें. दोघींची कातडीं बदललेलीं. मग डोळ्यांवर विश्वास ठेवायचा कसा? त्यानें चूक जिथें होती तिथेंच घाव घातला."

"डोळ्यांनीं त्याला कधीं फसविलें? त्यांनीं दिसलें तें दाखविलें. हावरा तो. आतां तिनें मुखवटा काढला काय नि ठेवला काय, त्याला सारखेंच. रोज सकाळीं उठून तिच्याकडे पाहायचें, दहा वर्षें पाहायचें, तें अवघड होतें. तें टाळलें त्यानें."

कन्या निरुत्तर झाली नाहीं. ती अजूनही तो प्रसंग उदात्त मानते, आणि त्या दोघींचा वाद मधून मधून भाजी निवडतांना चालूं असतो. आमचें मत आम्ही येथें नमूद करितों, तें आक्काच्या बाजूचें आहे. जें प्रेम पाहावयाचें नाहीं अशी अट घालून उभें राहतें, तें त्या व्रणास अजून भीतच असतें. राजकन्येस जें हवें होतें तें तिच्या उघड्या चेहऱ्यावर टिकणारी नजर. तिला मिळाली ती काठी धरून चालविण्याची जबाबदारी. शन चीचीनें बाराशें वर्षांपूर्वीं प्रियकरावर ठेविलेला आरोप ह्वो शिनवर तसाच लागू पडतो. पूर्वीं तो रूपच पाहात होता. आतां कांहींच पाहात नाहीं. दोन्ही वेळां समोरची स्त्री आहे तशीच अनोळखी राहिली. यापेक्षां आमचा भीम बरा! हिडिंबा रूप पालटून आली खरी, पण आल्याबरोबर, मी कोण, मला कोणीं व कशासाठीं पाठविलें, हें सर्व तिनें स्वतःच सांगून टाकिलें. आणि भीमानें तें ऐकून, समजून, तिला वरिलें. व्यासांनीं त्या दोघांच्या मधें पडदा ठेविलाच नाहीं.

चित्रपटानें कोल्हिणीस मात्र पुरा न्याय दिला आहे. झोऊ शुन हिचा अभिनय पाहण्यासारखा आहे. पुरुषास भुलवितांना तिच्या चेहऱ्यावर जो कंटाळा असतो, शेंकडों वर्षें तेंच तें काम केल्याचा जो शीण असतो, तो तिनें अचूक दाखविला आहे. तिला सौंदर्याचें कौतुक उरलेलें नाहीं. तें तिच्या पोटापाण्याचें साधन आहे, आणि त्यासाठीं काय खावें लागतें हें तिला ठाऊक आहे. म्हणूनच ती मनुष्यपणासाठीं आतुर होते, तेव्हां आपण तिला हंसत नाहीं. सर्दी, घाम, सुरकुत्या, मरण यांसकट तिला तें हवें आहे. मूळ कथेंतील हिरव्या चेहऱ्याच्या राक्षसापासून येथपर्यंत ही कल्पना तीनशें वर्षांत बरीच चालून आली, आणि चालली ती चांगल्या दिशेनें, असें आम्हांस वाटतें. केवळ त्या चेनला वाटेंत टाकून यावयास नको होतें. दोन सुंदर नट्यांच्या देवाणघेवाणींत, बाजारच्या उकिरड्यासमोर गुडघे टेकणाऱ्या त्या बाईस जागा उरली नाहीं; आणि धैर्य म्हणावें तें त्या सर्व कथेंत तिच्या एकटीचें होतें.

चित्रपट संपल्यावर आक्कानें मूळ कथा वाचून दाखविण्यास सांगितलें. आम्हीं ती मराठींत सांगत सांगत वाचली. चेनचा भाग आला तेव्हां तिनें दोनदां थांबवून, बघे किती जमले होते, आणि त्यांतलें कोणी पुढें आलें कां, असें विचारलें. कोणी आलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तेव्हांपासून रात्रीं जेवणानंतर एक कथा वाचावी असा परिपाठ पडला आहे. तिला भुतांपेक्षां कोल्हिणी अधिक आवडतात. सध्यां आम्ही यिंगनिंगपर्यंत आलों आहों. ती झाडावर चढून हंसते, लग्नांत हंसते, सासूपुढें हंसते, आणि तिचें हंसणें ऐकून घरांतलें सर्व दुःख पळून जातें. आक्काही वाचन चालूं असतां मोठ्यानें हंसते. कथेच्या उत्तरार्धांत सासू एकदां रागें भरते, आणि त्यानंतर ती मुलगी पुन्हा कधींच हंसत नाहीं. तो भाग उद्यां वाचावयाचा आहे.